ताप कितव्या दिवशी आला?

अमेरिकेतल्या हॉस्पिटलचा चार्ट पुण्यातल्या किंवा नवी मुंबईतल्या मेडिकल कोडरच्या, म्हणजे चार्ट वाचून बिलासाठी प्रत्येक निदानाला ठरावीक सांकेतिक कोड देणाऱ्याच्या, पडद्यावर उघडतो, तोवर पेशंट घरी जाऊन दोन-तीन दिवस झालेले असतात. ब्लड कल्चरचा (रक्तात जंतू उगवतो का, या तपासणीचा) शेवटचा रिपोर्ट कधी आलेला असतो, कधी नसतो. कोडरला पेशंट दिसत नाही, सिस्टरना काही विचारता येत नाही. हातात असतात फक्त नोट्स, रिपोर्ट आणि वेळेचे शिक्के. एवढ्या भांडवलावर एक प्रश्न सोडवायचा असतो : हे इन्फेक्शन पेशंट बरोबर घेऊन आला, की हॉस्पिटलात आल्यावर त्याला झालं?

सोडवायचा म्हणजे तरी काय, कोडरला स्वतःचं मत चालवायची मुभा नाहीच. डॉक्टरने जे लिहिलं त्यालाच कोड मिळतो. लॅबचा रिपोर्ट कितीही ठणठणीत असो, सिस्टरनी कितीही नीट नोंद ठेवलेली असो, निदान डॉक्टरच्या (किंवा उपचारांची कायदेशीर जबाबदारी असलेल्या नर्स प्रॅक्टिशनरसारख्या व्यक्तीच्या) लेखणीतून उतरलं नसेल तर ते कोडिंगपुरतं झालेलंच नाही. नव्या कोडरची पहिल्या वर्षातली निम्मी चिडचिड या एका नियमामुळे होते.

एक उदाहरण घेऊ. सत्तरीच्या बाई, घरात पडून खुब्याचं हाड मोडलं. सोमवारी रात्री ११.४० ला वॉर्डात दाखल. लघवीची नळी, म्हणजे फोली कॅथेटर, इमर्जन्सीतच घातलेला. मंगळवारी ऑपरेशन. शुक्रवारी सकाळी ताप १०१.५ फॅरनहाइट, ओटीपोटात दुखतंय, लघवीचं कल्चर पाठवलं. रविवारी रिपोर्ट : ई. कोलाय, मिलिलिटरला एक लाखाच्या वर, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे बऱ्याच अँटिबायोटिकना निकामी करणारा जंतू. डॉक्टरांची नोट : ‘यूटीआय. मेरोपेनेम सुरू.’ (यूटीआय म्हणजे मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, मेरोपेनेम हे अँटिबायोटिक.) सिस्टरची शुक्रवारची नोट : ‘फोली डे ५, युरोबॅग बदलली.’

या चार्टमधून इन्फेक्शनचे कोड किती निघतात? एकच. एन३९.०, मूत्रमार्गाचं इन्फेक्शन, जागा अनिर्दिष्ट. (पडद्यावर अक्षरं रोमन असतात, इथे देवनागरीत लिहितो आहोत.) जंतूचं नाव डॉक्टरने घेतलेलं नाही म्हणून बी९६.२० देता येत नाही. ईएसबीएलचा उल्लेख नाही म्हणून झेड१६.१२ नाही. आणि मुख्य म्हणजे इन्फेक्शनचा कॅथेटरशी संबंध कुणीही लिहिलेला नाही, म्हणून टी८३.५११ए नाही. नळी होती, पाच दिवस होती, इन्फेक्शनही झालं, तरी ‘नळीमुळे’ हा शब्द डॉक्टरचाच हवा. उपचारातून उद्भवलेल्या गुंतागुंतीच्या सगळ्या कोडांना हा नियम लागू आहे : एकापाठोपाठ एक घडलं एवढ्यावरून एकामुळे दुसरं घडलं असं कोडरने मानायचं नाही.

आता डॉक्टरने ‘फोलीमुळे यूटीआय, ईएसबीएल ई. कोलाय’ एवढं लिहिलं की तोच चार्ट चार कोडांचा होतो. आधी टी८३.५११ए, मग एन३९.०, बी९६.२० आणि झेड१६.१२. शेवटचं ‘ए’ बऱ्याच जणांना फसवतं. त्याचं इंग्रजी नाव ‘पहिली भेट’ अशा अर्थाचं असल्यामुळे पेशंट दुसऱ्यांदा आला की काही जण ‘डी’ लावतात. ‘ए’चा खरा अर्थ आहे त्या त्रासावर प्रत्यक्ष उपचार चालू असणं. पेशंट त्याच इन्फेक्शनसाठी तिसऱ्यांदा दाखल होऊन अँटिबायोटिक घेत असेल तरी ‘ए’च.

दोन घड्याळं

जवळजवळ प्रत्येक कोडापुढे अमेरिकेत आणखी एक अक्षर लागतं : दाखल होताना हे होतं का? वाय म्हणजे होतं, एन म्हणजे नव्हतं, यू म्हणजे नोंदीवरून कळत नाही, डब्ल्यू म्हणजे डॉक्टरलाही वैद्यकीयदृष्ट्या सांगता येत नाही. याला पीओए म्हणतात. बोलण्यात यू आणि डब्ल्यू सारखेच वाटतात, पण पैशांच्या हिशेबात ते विरुद्ध बाजूंना आहेत. १ ऑक्टोबर २००८ पासून मेडिकेअर (अमेरिकी सरकारची, मुख्यतः ज्येष्ठांसाठीची आरोग्यविमा योजना) ठरावीक हॉस्पिटलजन्य त्रासांसाठी वाढीव पैसे देत नाही. त्या यादीत कॅथेटरचं मूत्रमार्ग-इन्फेक्शन आणि सेंट्रल लाइनचं, म्हणजे मोठ्या शिरेत घातलेल्या नळीचं, इन्फेक्शन दोन्ही आहेत. एन आणि यू असेल तर तो कोड बिलाचा गट वर नेऊ शकत नाही. वाय आणि डब्ल्यू असेल तर नेऊ शकतो. थोडक्यात, नोंद अपुरी ठेवली तर नुकसान हॉस्पिटलचं. डॉक्टरने विचार करून ‘सांगता येत नाही’ असं लिहिलं तर ते ग्राह्य.

इथपर्यंत बहुतेकांना माहीत असतं. घोळ पुढे आहे. ‘दाखल होताना होतं का’ हा प्रश्न त्याच हॉस्पिटलात आणखी एक माणूस विचारत असतो, इन्फेक्शन कंट्रोलची नर्स. ती सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या) एनएचएसएन या देखरेख यंत्रणेचे नियम लावते. शब्द तोच, घड्याळ वेगळं.

एनएचएसएनचं घड्याळ कॅलेंडरवर चालतं. पेशंट ज्या तारखेला वॉर्डात आला तो दिवस १. आमच्या उदाहरणातल्या बाई रात्री ११.४० ला आल्या, म्हणजे त्यांचा पहिला दिवस वीस मिनिटांचा. इन्फेक्शनची तारीख पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी पडली तर ‘बरोबर आणलेलं’, तिसऱ्या दिवशी किंवा नंतर पडली तर ‘हॉस्पिटलचं’. इन्फेक्शनची तारीख म्हणजे रिपोर्ट आल्याची तारीख नव्हे, कल्चर पाठवल्याचीही असेलच असं नाही. पहिल्या पॉझिटिव्ह तपासणीच्या आधीचे तीन दिवस आणि नंतरचे तीन दिवस धरून सात दिवसांची खिडकी काढायची, आणि त्या खिडकीत व्याख्येतलं पहिलं लक्षण ज्या दिवशी दिसलं तो दिवस धरायचा.

याचा परिणाम बघा. त्याच बाईंना मंगळवारी, म्हणजे दुसऱ्या दिवशी, ऑपरेशननंतर ताप आला असता आणि कल्चर गुरुवारी पाठवलं असतं, तर खिडकी सोमवार ते रविवार. पहिलं लक्षण मंगळवारचा ताप. म्हणजे इन्फेक्शनची तारीख दुसरा दिवस, आणि देखरेखीच्या हिशेबात ते बरोबर आणलेलं. तो ताप ऑपरेशनमुळे होता, असा युक्तिवाद चालत नाही. ताप नोंदला गेला की तो धरायचा. म्हणून सगळं गाडं एका प्रश्नावर येऊन थांबतं : ताप कितव्या दिवशी आला? आणि ‘अंग कोमट लागतंय’ ही नोंद ताप म्हणून चालत नाही. ३८ अंश सेल्सिअसच्या वर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर, आकडा हवा. काखेत घेतला की तोंडात, त्यासाठी अर्धा-एक अंश मिळवत बसायचं नाही. चार्टमध्ये जो आकडा आहे तोच.

नळीचा हिशेबही असाच. कॅथेटर सलग दोन कॅलेंडर दिवसांपेक्षा जास्त असला पाहिजे, म्हणजे तिसऱ्या दिवसापासून तो मोजणीला पात्र. आणि इन्फेक्शनच्या दिवशी किंवा आदल्या दिवशी तो आत असला पाहिजे. इमर्जन्सीत घातला असेल तरी मोजणी वॉर्डात आल्यापासून. काढून पुन्हा घातला आणि मध्ये एक पूर्ण कॅलेंडर दिवस रिकामा गेला नसेल तर मोजणी पुढे चालू. पूर्ण दिवस गेला तर पुन्हा एकपासून. लघवीत दोनपेक्षा जास्त जातींचे जंतू निघाले तर नमुना बाद. कँडिडा ही बुरशी एकटी निघाली तर तीही धरत नाहीत.

कोडिंगच्या पीओएला यातलं काहीच लागू नाही. तिथे दोन दिवसांचा नियम नाही, तासांचीही मर्यादा नाही. पेशंटला भरती करण्याचा आदेश निघाला त्या क्षणी तो आजार होता का, एवढाच प्रश्न, आणि उत्तर डॉक्टरचं. आदेशाआधी पेशंट इमर्जन्सीत किंवा ऑब्झर्व्हेशनमध्ये (भरती न करता निगराणीखाली) असताना काही झालं असेल तर तेही वाय. म्हणजे कुणी त्याच हॉस्पिटलात ऑब्झर्व्हेशनच्या नावाखाली तीन दिवस वॉर्डात पडून राहिलं, नळी घातली, ताप आला आणि मग भरतीचा आदेश निघाला, तर कोडर नियमाने वाय लावेल आणि इन्फेक्शन कंट्रोलची नर्स नियमानेच ते हॉस्पिटलचं इन्फेक्शन म्हणून मोजेल. दोघंही बरोबर. उलटही होतं : दुसऱ्या दिवशी आलेलं इन्फेक्शन डॉक्टर ‘दाखल झाल्यानंतर उद्भवलं’ असं लिहितो, कोडर एन लावतो, नर्स मोजतच नाही.

म्हणून दर महिन्याला बिलिंगची यादी आणि इन्फेक्शन कंट्रोलची यादी जुळवायला बसलेल्या मॅनेजरला आकडे जुळले नाहीत की वाटतं कुणीतरी चुकलं. आमच्या मते आकडे तंतोतंत जुळले तरच जरा संशय घ्यावा. एखाद्या कोडरने नर्सची यादी बघून कोड लावले असतील किंवा नर्सने कोडांवरून केसेस उचलल्या असतील. जुळवायचे ते आकडे नव्हेत, केसेस. एकाच यादीत असलेलं एकेक नाव घ्यायचं आणि फरक व्याख्येचा आहे की नोंदीचा, ते लिहून ठेवायचं.

पैशांचं घोडंही इथेच अडतं. २००८ च्या नियमाने प्रत्यक्षात फार रक्कम कापली जात नाही, कारण अशा पेशंटला बिलाचा गट वर नेणारा दुसरा एखादा आजार बहुधा असतोच. खरा चिमटा वेगळ्या कार्यक्रमाचा आहे. ऑक्टोबर २०१४ पासून, म्हणजे त्यांच्या २०१५ या आर्थिक वर्षापासून, हॉस्पिटलजन्य त्रासांच्या गुणांकनात सगळ्यांत मागे असलेल्या पाव हॉस्पिटलांचे मेडिकेअरचे पैसे १ टक्क्याने कमी होतात. त्यातले इन्फेक्शनचे आकडे एनएचएसएनकडून येतात, बिलातून नाही. बिलातले कोड येतात ते त्यातल्या दुसऱ्या निर्देशांकात, जिथे ऑपरेशननंतरचा सेप्सिस (इन्फेक्शनमुळे अख्खं शरीर आणि अवयव धोक्यात येणं) मोजला जातो. तिथे एका पीओए अक्षराने केस आत येते किंवा बाहेर जाते.

क्वेरी

डॉक्टरने लिहिलं नाही तर त्याला विचारता येतं. पण कसं विचारायचं याला शिस्त आहे. ‘पेशंटला कॉटी आहे असं लिहाल का?’ ही क्वेरी नापास. कॉटी म्हणजे कॅथेटरचं मूत्रमार्ग-इन्फेक्शन. उत्तर प्रश्नातच भरलेलं आहे. ‘हे लिहिलंत तर बिल वाढेल’ किंवा ‘हे लिहू नका, आपला इन्फेक्शनचा दर वाढतो’, दोन्ही बाद. क्वेरीत पैशांचा किंवा गुणांकनाचा शब्दही नको.

चालणारी क्वेरी साधारण अशी : ‘सोमवारी फोली घातल्याची नोंद, शुक्रवारी ताप १०१.५, ओटीपोटात दुखणं, त्याच दिवशीच्या लघवीच्या कल्चरमध्ये ई. कोलाय, ईएसबीएल. डॉक्टरांच्या नोटमध्ये यूटीआय. कृपया यूटीआयचं कारण आणि जंतू स्पष्ट करावा : फोली कॅथेटरमुळे / कॅथेटरशी संबंध नाही / अन्य कारण / सांगता येत नाही. तसंच हे भरतीच्या वेळी होतं का?’ आधी चार्टमधले पुरावे तारखांसकट, मग पर्याय, पर्यायांत ‘अन्य’ आणि ‘सांगता येत नाही’ हवेतच.

एका शब्दासाठी तर क्वेरी नेहमीचीच : ‘युरोसेप्सिस’. जुन्या वळणाचे डॉक्टर तो सर्रास वापरतात. त्याला कोडच नाही. साधं मूत्रमार्ग-इन्फेक्शन म्हणायचंय की सेप्सिस, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि अंदाजाने सेप्सिस लावणं ही ऑडिटमध्ये हमखास पकडली जाणारी चूक.

भरती झालेल्या पेशंटच्या (इनपेशंट) चार्टमध्ये ‘संभाव्य’, ‘बहुधा’, ‘संशयित’ अशी निदानं डिस्चार्जच्या वेळीही कायम असतील तर ती झालीच असं धरून कोड करतात. ओपीडीच्या चार्टमध्ये असं चालत नाही, तिथे लक्षणं कोड करायची. ओपीडीचं काम करून इनपेशंटकडे वळलेल्यांना ही सवय मोडायला महिने लागतात. पण शब्द डिस्चार्जपर्यंत टिकलेला हवा. बुधवारी ‘लाइन इन्फेक्शनचा संशय’ आणि शुक्रवारी ‘कल्चर निगेटिव्ह, लाइन ठीक’ असेल तर बुधवारचा संशय शुक्रवारीच संपला.

रक्ताच्या बाटलीत काय उगवलं

सेंट्रल लाइनचं रक्तातलं इन्फेक्शन, टी८०.२११ए, हा यातला सगळ्यांत नाजूक कोड. इथे चूक कोडरच्या आधी, सुई टोचताना झालेली असते.

मोठ्या माणसाच्या ब्लड कल्चरच्या एका संचात दोन बाटल्या, प्रत्येकीत ८ ते १० मिलिलिटर रक्त. दोन संच, दोन वेगळ्या जागांहून. घाईत एकच संच घेतला, त्वचा नीट कोरडी होऊ दिली नाही, किंवा बाटलीचं झाकण अल्कोहोलने पुसलं नाही, की त्वचेवरचा स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस बाटलीत उगवतो. एकाच बाटलीत तो उगवला तर बहुधा भेसळ. पण एकच संच घेतला असेल तर कुणालाच सांगता येत नाही. डॉक्टर धोका नको म्हणून व्हँकोमायसिन हे अँटिबायोटिक सुरू करतो, नोटमध्ये ‘सेप्सिस?’ लिहितो, ते प्रश्नचिन्ह रोज कॉपी होत डिस्चार्ज समरीपर्यंत जातं, आणि कोडर नियमाने सेप्सिसचा कोड लावतो. एका न पुसलेल्या झाकणाचा हा प्रवास. एनएचएसएनने त्वचेवरच्या अशा जंतूंसाठी दोनदा स्वतंत्रपणे टोचून घेतलेल्या कल्चरची आणि सोबत ताप, थंडी किंवा कमी रक्तदाब यांतल्या एका लक्षणाची अट घातली आहे ती यासाठीच.

इथेही डॉक्टर आणि नर्स वेगवेगळ्या गोष्टींना जवळजवळ सारखं नाव देतात. डॉक्टरला लाइनच दोषी आहे हे सिद्ध करायचं असेल तर लाइनमधून आणि हाताच्या शिरेतून एकाच वेळी रक्त घेतात. लाइनचं रक्त निदान १२० मिनिटं आधी पॉझिटिव्ह झालं तर दोष लाइनचा. एनएचएसएनचं क्लॅब्सी (सेंट्रल लाइनच्या खात्यात धरलेलं रक्तातलं इन्फेक्शन) एवढा पुरावा मागत नाही. लाइन तीन दिवसांची आहे, रक्तात जंतू आहे आणि तो शरीरात दुसरीकडून आलेला दिसत नाही, एवढं पुरे. मग डॉक्टर म्हणतो, ‘हे पोटातून आलंय’, नर्स म्हणते, ‘पोटाच्या इन्फेक्शनची व्याख्या पुरी होत नाही, म्हणून क्लॅब्सी’. कोडरने यात पडायचं नाही. चार्टमध्ये डॉक्टरने पोट लिहिलंय तर पोट.

क्रमाचा नियम मात्र कोडरचा : लाइनमुळे सेप्सिस झाला तर आधी टी८०.२११ए, मग जंतूनुसार ए४१ गटातला कोड, आणि अवयव निकामी होत असतील तर आर६५.२० किंवा शॉक असेल तर आर६५.२१. ऑपरेशनच्या जखमेतून सेप्सिस असेल तर आधी जखमेची खोली सांगणारा कोड (टी८१.४१ वरवरची, टी८१.४२ खोल, टी८१.४३ अवयव किंवा पोकळी), मग टी८१.४४. खोली लिहिलेली नसते, हे वेगळं सांगायला नको. व्हेंटिलेटरचा न्यूमोनिया जे९५.८५१. पेशंट व्हेंटिलेटरवर होता आणि त्याला न्यूमोनिया झाला, एवढ्यावर तो लागत नाही.

यंत्राला काय कळतं

संगणकाकडे तारखा असतात, आणि इन्फेक्शनच्या कामात अर्धी लढाई तारखांचीच. दाखल, बदली, डिस्चार्ज यांचे संदेश एका यंत्रणेतून दुसरीकडे जातात, लॅबचे निकाल वेगळ्या संदेशातून येतात, नळी घातल्याची वेळ नर्सिंगच्या तक्त्यात असते. हे तीन धागे जोडले की ‘आज फोलीचा चौथा दिवस, कारण नोंदलेलं नाही’ अशी सूचना सकाळच्या राउंडआधी पडद्यावर आणता येते. टी८३.५११ए कोड करण्यापेक्षा ती नळी चौथ्या दिवशी निघाली तर बरं.

बिघडतं ते जोडणीत. लॅबच्या निकालाला निदान तीन वेळा असतात : नमुना घेतल्याची, लॅबला मिळाल्याची, निकाल दिल्याची. खिडकी नमुना घेतल्याच्या तारखेवर मोजायची असते, पण वॉर्डात बारकोड स्कॅन न करता नमुना पाठवला की पहिल्या वेळेच्या जागी दुसरी बसते. रात्री साडेअकराला घेतलेलं रक्त साडेबाराला लॅबमध्ये पोचलं की एक अख्खा दिवस पुढे. दुसऱ्या दिवसाचं इन्फेक्शन तिसऱ्या दिवसाचं झालं, म्हणजे घरचं हॉस्पिटलचं झालं.

नळी काढल्याची नोंद हा कायमचा दुखरा भाग. घातल्याची नोंद सगळे करतात, कारण सामान घ्यावं लागतं. काढताना काही घ्यावं लागत नाही. त्यामुळे पेशंट घरी जातो आणि त्याची फोली संगणकात अजून आतच असते. नळी-दिवस फुगतात आणि दर खोटाच कमी दिसतो. गणित साधं आहे : महिन्यात २ क्लॅब्सी आणि ८५० लाइन-दिवस असतील तर हजारी दर २.३५. भागाकारातले ८५० चुकून ११०० झाले तर दर १.८२. काही न सुधारता सुधारणा. एका पेशंटला दोन सेंट्रल लाइन असल्या तरी लाइन-दिवस एकच, हेही संगणकाला सांगून ठेवावं लागतं. मिडलाइन नावात लाइन असली तरी सेंट्रल नाही, पिक (दंडातून हृदयाजवळच्या मोठ्या शिरेपर्यंत नेलेली नळी) मात्र सेंट्रल आहे. हे सगळं ध्यानात घेऊन एनएचएसएनची अट आहे : हाताने मोजणं बंद करण्याआधी सलग तीन महिने हाताची आणि संगणकाची मोजणी ५ टक्क्यांच्या आत जुळली पाहिजे. ही तीन महिन्यांची मेहनत टाळली की पुढे वर्षभर खोट्या आलेखांवर मीटिंगा होतात.

नोट वाचून कोड सुचवणारी सॉफ्टवेअरं आता सगळीकडे आहेत. ‘यूटीआयचा पुरावा नाही’ यातलं ‘नाही’ ती आता बहुतेक वेळा पकडतात. फसतात ती इतिहासात. ‘एमआरएसए, २०१९’ (एमआरएसए म्हणजे मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस) हा आजचा आजार नाही. जुना असेल तर झेड८६.१४, नाकात जंतू वस्तीला असेल पण आजार नसेल तर झेड२२.३२२. आणि फसतात ती कॉपी-पेस्टमध्ये : बुधवारी काढलेली नळी रविवारच्या नोटमध्येही ‘फोली जागेवर’. सॉफ्टवेअरला पाच नोट्समध्ये पाच पुरावे दिसतात. असतो एकच, पाच वेळा चिकटवलेला. सुचवलेला कोड स्वीकारण्याआधी तो ज्या वाक्यावर उभा आहे ते वाक्य उघडून बघायला दहा सेकंद लागतात. उत्पादकतेच्या तक्त्यात या दहा सेकंदांना रकाना नाही, ही खरी अडचण.

लघवीच्या कल्चरचं एक वेगळंच दुष्टचक्र आहे. नळी असलेल्या पेशंटच्या लघवीत काही दिवसांनी जंतू सापडतातच. ताप नाही, दुखणं नाही, तरी ‘गढूळ दिसतेय’ म्हणून कल्चर पाठवलं, पॉझिटिव्ह आलं, यूटीआय लिहिलं, अँटिबायोटिक सुरू झालं, त्यातून काहींना क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिलचे जुलाब, म्हणजे ए०४.७२. नुसते जंतू सापडले तर त्याला आर८२.७१ हा वेगळा कोड आहे, पण तो लागायला ‘लक्षणांशिवाय लघवीत जंतू’ असं डॉक्टरने लिहायला हवं. काही हॉस्पिटलांनी कल्चर मागवतानाच लक्षण निवडायची सक्ती केली आहे, ती बरी. नमुना बॅगमधून नव्हे, नळीच्या पोर्टमधून घ्यायचा. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी बदलायची आणि नव्या नळीतून घ्यायचा. जुन्या नळीच्या आतल्या थरात जे राहतं तेच कल्चरमध्ये उगवतं, आणि ते मूत्राशयातलं असेलच असं नाही.

आपल्याकडे

महाराष्ट्रात बसून अमेरिकेचे एवढे बारकावे पाठ करणाऱ्यांना स्वतःच्या गावातल्या हॉस्पिटलची फाइल बघितली की गंमत वाटते. तिथे वैद्यकीय नोंदी विभाग आयसीडी-१० या आजारांच्या कोडांच्या यादीची जागतिक आरोग्य संघटनेची मूळ आवृत्ती वापरतो, वर आलेली अमेरिकन आवृत्ती नव्हे. कॅथेटरच्या इन्फेक्शनला टी८३.५, ऑपरेशननंतरच्या इन्फेक्शनला टी८१.४, खोलीचे फाटे नाहीत. औषध-प्रतिकारासाठी तिथे झेड१६ नाही, यू८२ ते यू८४ हा गट आहे : मेथिसिलिनला यू८२.१, ईएसबीएलला यू८२.२. हॉस्पिटलजन्य हे सांगायला वाय९५ आहे. ते वापरलेलं क्वचितच दिसतं. कारण सरळ आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजना असो वा आयुष्मान भारत, पैसे ठरलेल्या पॅकेजने मिळतात. इन्फेक्शनचा दुय्यम कोड लावून ना कुणाला रुपया जास्त मिळतो, ना कुणाचा कापला जातो. म्हणून फाइलवर मुख्य निदान एक, आणि खाली कोरं.

पण आकडे गोळा होत नाहीत असं नाही. एनएबीएच या हॉस्पिटलांच्या राष्ट्रीय मानांकनासाठी नळी-दिवसांवर आधारित दर द्यावेच लागतात. आयसीएमआर आणि एम्सच्या देखरेख जाळ्यात बरीच मोठी हॉस्पिटलं आहेत. मायक्रोबायोलॉजी विभागात व्होनेट या सॉफ्टवेअरवर जंतूंची आणि संवेदनशीलतेची नोंद होते. म्हणजे इन्फेक्शन नर्सच्या वहीत आहे, लॅबच्या संगणकात आहे, फक्त पेशंटच्या फाइलीत नाही. हे तीन जोडायला लागणारी शब्दांची भाषा, स्नोमेड सीटी, भारतात मोफत वापरता येते. तिचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच, सी-डॅकमध्ये आहे. आयसीडी-११ तर १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली आहे आणि तिच्यात नुकसान काय झालं, कशामुळे झालं आणि कोणत्या प्रकारे झालं, हे तीन कोड एकत्र गुंफता येतात. आमच्या उदाहरणातल्या बाईंसाठी ती रचना कितीतरी स्वच्छ आहे.

आपल्या फाइलींतली आणखी एक अडचण भाषेची. पेशंट मराठीत सांगतो, ‘लघवीला आग होते, सारखं जावंसं वाटतं.’ नोटमध्ये उतरतं ‘लघवीचा त्रास’ अशा अर्थाचे दोन इंग्रजी शब्द. आग होणं आणि सारखं जावं लागणं ही व्याख्येतली दोन स्वतंत्र लक्षणं आहेत. ‘त्रास’ हे एकही नाही. (नळी आत असताना मात्र ही दोन्ही लक्षणं धरत नाहीत, कारण नुसत्या नळीनेही ती होतात.)

पेशंटच्या हातात काय जातं

अमेरिकेत ५ एप्रिल २०२१ पासून नोट्स आणि निकाल पेशंटला उशीर न करता दाखवणं बंधनकारक झालं. त्यामुळे डॉक्टर राउंडला यायच्या आत पेशंटच्या मुलीने मोबाइलवर ‘क्लॅब्सी’ वाचलेलं असतं. हा शब्द तिने पहिल्यांदा फोनवर वाचावा यासारखं वाईट नाही. ज्या वॉर्डांत कल्चर पॉझिटिव्ह आल्याचा फोन लॅबमधून येतो, तिथे तो फोन घेणाऱ्यानेच घरच्यांशी कोण बोलणार हे ठरवून टाकलं की निम्मे वाद होत नाहीत.

कोड पेशंटच्या उपयोगी पडतो तो पुढच्या वेळी. बाई सहा महिन्यांनी पुन्हा दाखल झाल्या आणि जुन्या चार्टमध्ये झेड१६.१२ असेल, तर पहिल्या तापाला कोणतं अँटिबायोटिक चालणार नाही हे पहिल्या तासात कळतं. एमआरएसएची खूण असेल तर दाखल होताच वेगळी खोली, गाऊन, ग्लोव्हज. मात्र ही खूण लावण्याची पद्धत सगळीकडे आहे, काढण्याची फार थोड्या ठिकाणी. तीन वर्षांपूर्वी जंतू सापडला, नंतरचे सगळे स्वॅब निगेटिव्ह, तरी माणूस दर वेळी एकटा खोलीत. खूण कोणत्या तपासण्यांनंतर, कुणाच्या सहीने निघते हे लिहून ठेवलेलं नसेल तर ती निघत नाही.

डिस्चार्ज समरीत मराठीत पाच ओळी पुरतात : लघवीची नळी सोमवारी घातली, शनिवारी काढली. शुक्रवारी त्या नळीमुळे इन्फेक्शन झालं. जंतू ई. कोलाय, नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा. पुढे कुठेही दाखल झालात तर हा कागद दाखवा. इंजेक्शनचे तीन दिवस बाकी, घरी सिस्टर येऊन देतील. आणि एखादं कल्चर अजून लॅबमध्ये असेल तर सहावी ओळ : कोणता रिपोर्ट यायचा आहे, कोणत्या तारखेला, आणि तो बघून तुम्हाला फोन कोण करणार. ब्लड कल्चर पाच दिवस ठेवतात, पेशंट तिसऱ्या दिवशी घरी जातो. मधल्या दोन दिवसांत उगवलेल्या जंतूचा रिपोर्ट कुणाच्या नावावर पडतो, हे आजच्या आज तपासून बघण्यासारखं आहे.